जुनी वाट, नवी गाडी

‘जालना, सोने का पालना’ अशी एक म्हण आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असे. इथल्या बाजारपेठेच्या भरभराटीवरून ती पडली असावी. पण लहानपणी ती म्हण कानावर आली की माझ्या डोळ्यांपुढे सोने येत नसे, पाळणाच येई. आणि तोही तान्ह्या मुलाचा नव्हे, जत्रेतला. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी लोटली की देवळापासून थोड्या अंतरावर लाकडी पाळणा उभा राही. चार पेट्या, मधे एक जाड लाकडी आस, आणि पेट्या हातांनी ढकलून फिरवणारे दोन दणकट गडी. पेट्यांना दर वर्षी नवा रंग दिलेला असे. कधी हिरवा, कधी गुलाबी, वर आरशाचे तुकडे. आम्हां पोरांना तेवढे पुरे होई.

आजोबा मात्र पैसे हातावर ठेवण्याआधी खांबापाशी जात, वाकून आसाकडे पाहत, खांबावर बोटांच्या पेरांनी टकटक करीत, आणि मगच म्हणत, “बसा.” एकदा मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, “पेटीकडं काय बघतो रे? पेटी कालची हाय. आस कव्हाचा हाय ते बघावं.”

आजोबांच्या त्या एका वाक्यावरच आज मला बोलायचे आहे. वाट जुनी झाली आणि तिच्यावर नवी गाडी घालायची वेळ आली, तर काय करावे? हा प्रश्न जत्रेतल्या पाळण्याला पडतो, डोंगरातल्या छोट्या गाडीला पडतो, आणि आपल्या जालन्याच्या लोहमार्गालाही पडलेला आहे. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या ठिकाणी माणसांनी त्याला कोणती उत्तरे दिली, ते थोडक्यात पाहू.

आधी आपल्या दारातला लोहमार्ग घेऊ. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असे करीत हैदराबादला जाणारा हा मार्ग निजामाच्या राज्यात, निजामाने नफ्याची हमी दिलेल्या एका कंपनीने बांधला. त्याचे नाव हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे. लांबी ३९१ मैल. १८९९ ते १९०१ या काळात तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर ही आपल्या जिल्ह्यातली स्टेशने त्याच मार्गावरची. १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आणि १९६६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेत गेली. मालक बदलत गेले. रूळ मात्र तेच राहिले.

हे रूळ होते मीटरगेजचे. दोन रुळांमधले अंतर एक मीटर, म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडे अधिक. मनमाडला जी मुंबईची मोठी गाडी येई तिच्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट. आता असं पाहा, अंतरातला हा फरक दिसायला दीड हाताचा. पण त्याने सगळा संसार बदलतो. मीटरगेजला लहान डबे, हलकी इंजिने, हलके रूळ, बेताचे पूल चालतात; मार्गाची वळणेही जरा आखडती घेता येतात. खर्च कमी पडतो. ज्यांनी हा मार्ग बांधला त्यांनी खर्च वाचवला, आणि त्या वाचवलेल्या पैशांची किंमत पुढे नव्वदएक वर्षे आपण मनमाडच्या फलाटावर भरीत राहिलो. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरायचे, ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या डोक्यावर घ्यायच्या आणि मोठी गाडी गाठायची. मालाचेही तेच. एका गाडीतली पोती हमालांनी दुसऱ्या गाडीत वाहायची.

या मार्गावरच्या डब्यांत दरम्यान सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. जुने डबे लाकडी अंगाचे असत. खाली लोखंडी सांगाडा आणि वर सागवानी घर. दिसायला देखणे, पण अपघातात एक डबा दुसऱ्यात घुसला की त्या लाकडाच्या ढलप्या होत. १९५५ साली मद्रासजवळ पेरांबूर येथे डब्यांचा सरकारी कारखाना निघाला आणि देशात सगळीकडे हळूहळू पोलादी डबे आले. मीटरगेजवर अजंता एक्सप्रेससारख्या चांगल्या गाड्याही धावल्या. पण डबा कितीही नवा आणला तरी त्याची रुंदी, त्याचे वजन आणि त्याचा वेग हे शेवटी खालचा रूळ ठरवीत होता. गाडी म्हणजे पेटी. आस म्हणजे रूळ.

हाच प्रश्न अगदी उघडा करून पाहायचा असेल तर जिथे गाडीला इंजिन नाही, वाट लाकडाची आहे आणि सारा भार त्या वाटेवरच आहे, असे ठिकाण शोधायला हवे. ते ठिकाण म्हणजे परदेशातले लाकडी रोलर कोस्टर. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात रोलर कोस्टर आहे, तो पोलादी. शंभर वर्षांपूर्वीचे मूळ रोलर कोस्टर मात्र लाकडी असत. लाकडी खांबांचे उंच जंगल, त्यावरून डोंगरासारखी चढ-उतार करीत जाणारी वाट, आणि त्या वाटेवर माणसांनी भरलेली उघडी गाडी. साखळीने गाडी पहिल्या टेकाडावर ओढून न्यायची आणि सोडून द्यायची. पुढचे सगळे काम पृथ्वीचे आकर्षण करते.

या खेळाचे एक मूळ आगगाडीच्याच घरात आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ साली खाणीतला कोळसा डोंगरावरून नदीपर्यंत आणण्यासाठी एक रूळमार्ग घातला. कोळशाच्या वाघिणी उतारावरून आपोआप घरंगळत खाली येत. रिकाम्या वाघिणी वर ओढायला खेचरे असत, आणि ती खेचरेही खाली येताना वाघिणीतच उभी राहून येत! पुढे १८७० च्या दशकात कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. पण लोक म्हणाले, आम्हांला बसू द्या. तेव्हापासून ती मालगाडीची वाट मौजेची झाली.

१८८४ साली लामार्कस टॉमसन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर मुद्दाम करमणुकीसाठी अशी एक लाकडी वाट बांधली. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपल्या टांग्याइतका. दर पाच सेंट. लोकांनी रांगा लावल्या. मग वाटा उंच होऊ लागल्या, उतार तीव्र होऊ लागले. पण तीव्र उताराच्या माथ्यावर गाडी रूळ सोडून उचलली जाण्याचे भय असे. १९१९ साली जॉन मिलर या माणसाने त्यावर तोड काढली. नेहमीची चाके रुळाच्या वर; त्याने आणखी चाके रुळाच्या खालच्या अंगाला बसवली. रूळ जणू वरून आणि खालून मुठीत धरल्यासारखा झाला. गाडी उडण्याचे भय गेले. कोनी आयलंडचा प्रसिद्ध ‘सायक्लोन’ १९२७ सालचा. त्याची उंची ८५ फूट आणि वेग ताशी साठ मैलांच्या घरात. टांग्याचा वेग चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मेलगाडीचा झाला.

आता या खेळाच्या लाकडी वाटेकडे जवळून पाहू. फळ्यांवर फळ्या ठोकून जाड पट्टा करतात. वर पोलादाची चपटी पट्टी. तिच्यावरून चाक धावते. लाकूड हवेप्रमाणे फुगते, आकसते. खिळे सैल होतात. गाडी वळणावर आली की बाहेरच्या बाजूला रेटते. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. गाडीचे वजन वाढले की तोही वाढतो. शिवाय डबा लांब आणि त्याच्या चारी चाकांची बैठक ताठ असली, तर वळणावर ती चाके रुळाला समांतर राहत नाहीत. कडेला घासत, ढुशा देत जातात. बैलगाडीचे साटे लांब असेल तर अरुंद बोळात वळताना चाक भिंतीला कसे घासते, ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. घासण्याने वाट खडबडीत होते, खडबडीत वाटेवर गाडी आपटते, आपटण्याने वाट आणखी खराब होते. आत बसलेल्याची कंबर आणि मानही मग तक्रार करते.

या दुखण्यावर एक उपाय दिसतो : वाटेला मानवेल अशी गाडी आणायची. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात प्रायर आणि चर्च या जोडीने लहान लहान, एकेका बाकाचे डबे साखळीच्या कड्यांसारखे जोडून गाडी केली. ती सापासारखी वळे. पुढच्या काळात ही कल्पना मागे पडली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन कारागिरांनी पुन्हा उचलली. म्हणजे जुन्या वाटेवरची ‘नवी’ गाडी ही बरीचशी जुन्याच शहाणपणाची आठवण होती.

कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझ गावी १९२४ साली आर्थर लूफ याने ‘जायंट डिपर’ हा लाकडी रोलर कोस्टर उभा केला. सत्तेचाळीस दिवसांत काम पुरे झाले होते. त्याच्या साठाव्या वर्षी, १९८४ मध्ये, त्याला नव्या गाड्या मिळाल्या. आणि १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. कोणी विचारील, गाडी बदलल्यावर वास्तू ऐतिहासिक कशी राहिली? उत्तर सोपे आहे. पाठीवर फळा घेऊन रोज सकाळी ज्या वाटेची मरामत होते, जिच्या फळ्या एकेक करून बदलल्या जातात, ती वाटही काही मूळच्या लाकडाची उरलेली नसते. चाल राहते, आकार राहतो, नाव राहते. आपल्याकडे वाड्याचे वासे बदलले तरी वाडा देशमुखांचाच राहतो, तसे ते आहे.

पण गाडी बदलली की सगळे पार पडते असेही नाही. ओहायो राज्यात किंग्ज आयलंड उद्यानात २००० साली ‘सन ऑफ बीस्ट’ नावाचा दोनशे अठरा फूट उंचीचा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. लाकडी वाटेवर पूर्ण गोल फेरी मारणारा, असा त्याचा डौल. पण त्या फेरीसाठी गाड्या जड लागत. जुलै २००६ मध्ये लाकडी सांगाड्यात बिघाड होऊन वाटेवर खळगा पडल्यासारखे झाले. गाडी आदळली आणि सत्तावीस माणसांना दुखापत झाली. मग ती गोल फेरी काढून टाकली आणि २००७ मध्ये हलक्या गाड्या आणल्या. तरीही २००९ मध्ये तो बंद पडला आणि २०१२ मध्ये पाडून टाकला. बारा वर्षांचे आयुष्य. तिकडे सांताक्रूझचा १९२४ चा खेळ अजून चालतो आहे. वय हे कारण नव्हे, हे यावरून दिसते. वाट आणि गाडी एकमेकींना शोभत होत्या की नाही, हा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, एवढे समुद्र ओलांडून कशाला गेलात? तर त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच नेरळच्या स्टेशनात उभे आहे. माथेरानची छोटी गाडी हीही अशीच एक चढ-उताराची, वळणावळणाची वाट आहे; ती खेळ म्हणून बांधली नसली तरी तिच्यात बसणाऱ्या मुलांना तसे वाटत नाही!

मुंबईचे धनिक सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही गाडी मनावर घेतली. १९०४ ला काम सुरू झाले, १९०७ ला गाडी चालू झाली, खर्च सोळा लाख रुपये. दोन रुळांमधले अंतर केवळ दोन फूट. सुमारे एकवीस किलोमीटरच्या वाटेत गाडी साडेसातशे मीटरच्या वर चढते. चढ काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट, आणि वळणे दोनशेंच्या वर. इतक्या आखडत्या वळणांवर साधे इंजिन अडकले असते. म्हणून जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल कारखान्याकडून चार इंजिने आणली. त्यांच्या सहा चाकांपैकी पुढच्या आणि मागच्या जोडीला वळणावर जरा बाजूला सरकण्याची मुभा होती. पाहा, कॅलिफोर्नियात करमणुकीच्या गाडीला जे शहाणपण १९२० च्या दशकात लागले, ते माथेरानच्या घाटात त्याआधीच कामाला लागले होते. वळण सुधारता येत नसेल तर चाकाला नमते घ्यायला शिकवावे.

१९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली. वाफेची इंजिने १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत टिकली. रूळही पूर्वीपेक्षा जाड घातले. आधी वाराला तीस पौंडांचे होते, त्याजागी बेचाळीस पौंडांचे आले. पण एक गोष्ट बराच काळ तशीच राहिली, ती म्हणजे ब्रेक. उतारावर गाडी आवरण्याचे काम डब्याडब्यांमधे बसणारे ब्रेकमन हाताने करीत. इंजिनाची शिट्टी झाली की चाक फिरवून ब्रेक आवळायचा, दुसरी झाली की सोडायचा. पाऊस असो, धुके असो, कान शिट्टीकडे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी १९१२ सालच्या लाकडी ‘सीनिक रेल्वे’वर गाडीच्या मधोमध असाच एक ब्रेकमन उभा राहत आला आहे. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसे, एक मौजेच्या गाडीवर आणि एक घाटातल्या गाडीवर, हातात एकच काम : उतारावर शंभर जणांचा जीव आवरून धरणे.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानची वाट ठिकठिकाणी वाहून गेली. ती २००७ मध्ये, गाडीच्या शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने डबे दोनदा रुळावरून घसरले आणि गाडी थांबवावी लागली. तेव्हा डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसवले गेले. ड्रायव्हरने एक दांडा फिरवला की सगळ्या डब्यांची चाके एकदम आवळली जातात, आणि मधली नळी तुटली तरी ब्रेक आपोआप लागतात. २०१७ च्या अखेरीस अमन लॉज ते माथेरान आणि २०१८ च्या जानेवारीत नेरळपर्यंत गाडी परत धावू लागली. मात्र २०१९ च्या पावसाने पुन्हा वाट तोडली. गाडी नवी होती, ब्रेक नवे होते. पण डोंगर जुना होता. मग कडेच्या भिंती, पाण्याचे निचरे, रूळ अशी वाटेचीच दुरुस्ती करावी लागली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी परत वर गेली. तीन वर्षांत माथेरानच्या घोडेवाल्यांनी, हमालांनी, खानावळवाल्यांनी काय सोसले असेल, ते त्यांनाच ठाऊक. आणि सत्य पुन्हा तेच : आधी गाडी सुधारली, मग वाट सुधारावी लागली. एकीला वगळून दुसरी सुधारत नाही.

आता परत जालन्याला येऊ. आपल्या मार्गाचे नशीब माथेरानहून निराळे. माथेरानची वाट रुंद करायची तर डोंगरच कापावा लागेल. म्हणून तिथे वाट ठेवून गाडी बदलत राहिले. आपल्याकडे सपाट काळी जमीन. इथे वाटच बदलता येत होती. १९९० च्या दशकात सबंध देशात मीटरगेज काढून ब्रॉडगेज घालण्याची मोहीम निघाली, तीत मनमाडपासून आपला मार्ग टप्प्याटप्प्याने साडेपाच फुटी झाला. हे काम म्हणजे नुसते रूळ दीड हात लांब सरकवणे नव्हे. पूल बळकट करायचे, फलाट नव्याने उंचवायचे, वळणे सैल करायची, स्लीपर, खडी, सांधे, सिग्नल सगळे नवे. काम चाले तेवढ्या टप्प्यापुरत्या गाड्या बंद. पण ते झाल्यावर मुंबईहून निघालेली गाडी जालन्याच्या फलाटावर थेट येऊन उभी राहिली. मनमाडचा तो ट्रंका उचलण्याचा सोहळा संपला. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना पहिले काही दिवस मनमाड आले की उठून उभे राहायची सवय सुटत नव्हती, एवढेच.

त्यानंतर गाड्या बदलण्याचा वेग वाढला. पेरांबूरच्या जुन्या घडणीच्या डब्यांच्या जागी जर्मन आराखड्याचे नवे डबे आले. त्यांचे आकडे असे की धडक बसली तरी एक डबा दुसऱ्यावर सहसा चढत नाही. मार्गावर विजेच्या तारा आल्या. आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईसाठी वंदे भारत गाडी सुटली. स्टेशनात लोटलेली गर्दी, हार, ढोल. गावाच्या लेकीला सासरी पाठवताना असते तसे कौतुक. मुंबई सुमारे सात तासांवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ही गाडी नांदेडपर्यंत वाढवण्यात आली.

मला त्या कौतुकाचा हेवा नाही. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्या टाळ्यांत मला आजोबांची टकटक ऐकू आली. ताशी एकशे साठ किलोमीटर धावायची ताकद असलेली ही गाडी ज्या मार्गावर आली तो होता एकेरी. समोरून गाडी यायची असली की कुठल्यातरी स्टेशनात बाजूला थांबून वाट पाहायची. अशा वाटेवर गाडीला तिची सगळी ताकद कशी दाखवता येणार? पेटी नवी, आस जुना. म्हणूनच २०२५ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ते परभणी हा १७७ किलोमीटरचा मार्ग दुहेरी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ती बातमी मला वंदे भारतच्या बातमीपेक्षा मोठी वाटली. वर्तमानपत्रांत तिला जागा मात्र त्या मानाने थोडी मिळाली. साहजिक आहे. गाडीला हार घालता येतो. रुळाला कोण घालणार?

या तीन गोष्टींतून मला दिसते ते असे. वाट आणि गाडी ही दोन यंत्रे नव्हेत; ते एकच यंत्र आहे, त्याचा अर्धा भाग पळतो आणि अर्धा भाग पडून राहतो. पळणारा भाग लोकांना दिसतो. म्हणून पैसा, रंग, समारंभ सारे त्याच्या वाट्याला जाते. जिथे वाट बदलणे शक्य नाही, तिथे गाडीने वाटेचे वय ओळखून नमते घ्यावे; हलके व्हावे, वळायला शिकावे, आवरायला शिकावे. जिथे वाट बदलणे शक्य आहे, तिथे आधी वाटेवर खर्च करावा. आणि यांपैकी काहीच न करता नुसता रंग बदलला, तर तो जत्रेतल्या पाळण्याचा गुलाबी रंग. पोरे हसतात, आस करकरतो.

हे सारे ज्यांच्या जिवावर चालते ती माणसे कधी समारंभात नसतात. लाकडी रोलर कोस्टरवर उद्यान उघडण्याआधी एक सुतार हातोडी घेऊन सगळी वाट पायी चालतो. सैल खिळा दिसला की ठोकतो. माथेरानच्या घाटात ब्रेकमनने कितीतरी वर्षे शिट्टीकडे कान लावून काढली. आणि आपल्या मार्गावर, बदनापूर-जालना-रांजणी-परतूरच्या काळ्या रानातून, उन्हातान्हात खांद्यावर हातोडा नि पाना घेतलेला गँगमन रोज आपल्या वाट्याचे रूळ तपासत जातो. एखादा खिळा, एखादी चावी सैल झालेली त्याच्या हातोड्याच्या आवाजावरून कळते. बद्द आवाज आला की तो थांबतो.

पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा नव्या डब्याच्या मऊ गादीवर जरूर हात फिरवा, कौतुक करा. पण खिडकीतून तो माणूस कडेला उभा राहून हिरवा बावटा धरलेला दिसला, तर त्यालाही मनातल्या मनात एक रामराम करा. तुमच्या माझ्या आजोबांसारखाच तो पेटीकडे पाहत नाही. तो आस पाहतो.